गालिच्यावरची सात पावले

आखातातल्या एका शहरात, रोल्ला भागातल्या त्या इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या एका दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत पोचला होता. आत चाळीसएक माणसे भिंतींना पाठ लावून उभी होती, कारण हॉलच्या मधोमध कोणी पाय ठेवायचा नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या फिकट गालिच्यावर, दारापासून सोफ्यापर्यंत, सात अनवाणी पावले उमटली होती. काळसर, आणि दिवसेंदिवस गडद होत जाणारी.

"आत्म्याला व्हिसा लागत नाही!" सोफ्यावरून सद्गुरू पादुकानंद गरजले. ते स्वतः व्हिजिट व्हिसावर आले होते. "इमिग्रेशनच्या रांगेत तो उभा राहत नाही. माई, मी म्हणालो होतो ना, आठवड्याच्या आत राजन चालत घरी येईल?"

"म्हणाला होतात, महाराज," सुनेत्रा पुटपुटली.

हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीने २००९च्या फेब्रुवारीत निम्मी माणसे कमी केली, त्यांत तिचा नवरा राजन होता. पत्र हातात पडले त्याच दुपारी, पार्किंगमध्ये, गाडीचे दार उघडता उघडता तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. मायलेकींचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर होता, त्यामुळे आता सुनेत्राला आणि नऊ वर्षांच्या अवनीला वीस दिवसांत देश सोडायचा होता. तिकिटे भावाने पाठवली होती. पण महाराजांनी सांगितले, "उंबरठा ओलांडलास तर तो रिकाम्या घरात भरकटेल," आणि सुनेत्राने बॅगा भरायच्या थांबवल्या. व्हिसाची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न तिला ऐकूच येत नव्हता.

समोर राहणारी जोसेफिन मूळची वसईची. चौदा वर्षे ती एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळत होती. ती पावलांजवळ गुडघे टेकून वाकली, तेव्हा लोकांना वाटले, बाईंनाही साक्षात्कार झाला. जोसेफिनच्या नाकाला मात्र धुपाखाली दबलेला, आंबलेल्या दुधाचा वास आला.

"सुनेत्रा," तिने हळूच विचारले, "महाराज पहिल्यांदा आले तेव्हा काय केलंस?"

"पाद्यपूजा. दाराशीच. पंचामृतानं पाय धुतले, मग ते सोफ्यावर येऊन बसले. नंतर मी ओलं फडकं फिरवलं."

 त्याच संध्याकाळी जोसेफिनने घरी दूध, दही, तूप, मध, साखर कालवले आणि नवऱ्यापुढे परात ठेवली.

"या वयात माझे पाय धुतेस?" विन्स्टन म्हणाला. "यल्ला, चल, आता आरतीही ओवाळ!"

"गप, आणि सोफ्यापर्यंत चाल."

तिनेही वरवर फडके फिरवले. घरातली माणसे रोजच्यासारखी ये-जा करत राहिली. पुढच्या शुक्रवारी महाराजांची सभा भरली तेव्हा तिने समोरचे आपले दार सताड उघडले.

"सगळे इकडे या. माझ्याकडेही पावलं आलीत."

गर्दी लोटली. फिकट गालिच्यावर सात काळसर पावले होती.

"पाहा! याही घरातला कोणी गेलेला..." महाराजांनी सूर लावला.

"विन्स्टनची पावलं आहेत, महाराज. तो आत चहा पितोय."

विन्स्टनने कप घेऊन डोकावले. कोणीतरी फिसकन हसले. जोसेफिन शांतपणे म्हणाली, "दाराजवळ वर्दळ जास्त, धूळही जास्त. साखर, मध गालिच्याच्या धाग्यांत मुरतात. वरून पुसलं तरी चिकटा आत राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनी उडालेली धूळ धरून ठेवतो. म्हणून ठसा रोज गडद होतो. हॉटेलात सांडलेल्या सरबताचे असले चमत्कार मी रोज धुते."

महाराजांनी उपरणे सावरले. त्यांच्या चपला ढिगाच्या तळाशी होत्या, त्या शोधताना त्यांना बराच वेळ वाकावे लागले.

सगळे गेल्यावर सुनेत्रा आपल्या हॉलमध्ये भिंतीशी बसून होती.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, जोसेफिनताई. राजनचा पाय एवढा मोठा नव्हता."

"मग गं?"

"तो गेल्यावर आठवडाभर लोक येत होते. मग कोणी येईना. कुणाची का होईना, दारातून पावलं आत आली होती."

 जोसेफिनने कोमट पाणी, थोडे व्हिनेगर आणि पांढरी फडकी आणली. "घासू नकोस. दाबून टीप." सुनेत्रा एकेक पाऊल टिपत गेली. फडकी काळी होत गेली. ती रडत होती, पण हात थांबले नाहीत.

सोफ्यापुढे येऊन ती अडली. तिथे गालिचा दोन जागी चेपला होता. "हे जात नाही."

"तो मळ नाही. तिथले धागेच झिजलेत. त्या जागी रोज कोण बसायचं?"

अवनी सोफ्यावर बसली. तिच्या टाचा तिथवर पोचेनात. "इट्स डॅडीज," ती म्हणाली. "ही सॅट हिअर. एव्हरी डे."

हो, रोज. नऊ वर्षे, कामावरून आल्यावर. त्या खुणेसाठी कोणाचे पाय धुवावे लागले नव्हते.

दुःखाने माणूस वाकला की त्याला काहीही दाखवता येते. म्हणूनच अशा वेळी जवळच्यांनी वाकून पाहावे, वास घ्यावा, विचारावे की हे कशामुळे झाले. गेलेला माणूस परत येत नाही, हे सांगणे कठीण असते. ते न सांगणे त्याहून क्रूर.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी सुनेत्राने अवनीचा हात धरून उंबरठा ओलांडला. दार जोसेफिनने लावले. आत कोणी भरकटत नव्हते.