मागील सभेचे इतिवृत्त

"बाबा, हा फोटो बघा," यामिनीने टेबलावरच्या चहाच्या कपाला बाजूला सारलं. "स्पेनमधला सोरिया प्रांत. शंभराच्या आत वस्ती असली की गावाला निवडून दिलेले सदस्यच नसतात. मेयर तेवढा निवडायचा, बाकी सगळे मतदार मिळून कौन्सिल. चर्चच्या ओसरीत जमायचं, हात वर करायचे, विषय संपला."

"आणि लिहून कोण घेतं?" एकनाथरावांनी विचारलं. विचारणारच! तीस वर्षं ग्रामसेवकी केलेला माणूस दुसरं काय विचारणार?

"सेक्रेटरी. ही बघा, ह्या बाई. पाच गावांना मिळून एकच. रोज एक गाव, स्वतः ड्राइव्ह करत जातात."

"हात्तिच्या! मी एम-एटीवर चार गावं करायचो की."

यामिनी खळखळून हसली. कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत पाच वर्षं घासल्यावर तिचा प्रबंध पुरा झाला होता आणि शुक्रवारी डिफेन्स, म्हणजे त्याची तोंडी परीक्षा होती. त्यासाठीच तर तिने वडिलांना इथे, कोलंबसशेजारच्या डब्लिनला बोलावून घेतलं होतं. एकनाथरावांनीही हौसेने नवा सफारी शिवून आणला होता. जावई निमिष ऑफिसला गेला की बापलेकीचं हे असं चालायचं.

"आता तुमचं चॅप्टर." तिने झेरॉक्सचा गठ्ठा पुढे ओढला.

 एकनाथरावांनी तो गठ्ठा लांबूनच ओळखला. दोन वर्षांपूर्वी पोरगी भारतात आली तेव्हा त्यांनी नोकरी केलेल्या कोळवड्याच्या पंचायतीत बसून तिने ग्रामसभेची जुनी रजिस्टरं झेरॉक्स करून आणली होती. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण पोरगी इतकी खुशीत होती, की हे मूग गिळून बसले. नंतर आज बोलू, उद्या बोलू करत दोन वर्षं गेली.

"बारा वर्षांत चोवीस सभा," यामिनी वाचत होती, "सरासरी हजेरी एकशे बेचाळीस! यार बाबा, स्पेनमध्ये तीस मतदारांतले दहा गोळा करताना मारामार. प्रोफेसर तर उडालेच. आणि हा ठराव ऐका. 'खडकवाडीच्या ग्रामस्थांनी स्वखुशीने संमती दिल्यावरून, वाडीसाठी मंजूर पाण्याची टाकी मूळ गावात बांधण्याचे सर्वानुमते ठरले.' म्हणजे गावाला गरज जास्त म्हणून वाडीने आपलं पाणी सोडलं! एवढा मोठेपणा मला स्पेनमध्ये एकाही गावात सापडला नाही. अख्खं चॅप्टर ह्यावर उभं आहे."

चहावर साय धरली होती. एकनाथरावांनी गठ्ठ्यावर पालथा हात ठेवला.

"काय झालं, बाबा?"

"ती सभा झालीच नाही, यामू."

"कुठली?"

"ही नाही. दुसऱ्याही नाहीत. दोन-चार झाल्या असतील, गणपती बघायला माणसं जमलेली म्हणून."

आता एकनाथराव काही लबाड माणूस नव्हे. कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायले नाहीत. पण त्या काळी रीतच तशी पडली होती. नोटीस चिकटवायची, माणसं यायची नाहीत, कोरमअभावी सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा कायदाच. मग निवांत घरी बसून इतिवृत्त लिहायचं आणि रजिस्टर काखोटीला मारून दारोदार सह्या-अंगठे घेत फिरायचं. सगळेच करत होते. सगळेच करतात म्हटलं की माणसाला आपलं पाप पाप वाटेनासं होतं, मेलं!

"आणि टाकी?" यामिनीचा आवाज बारीक झाला होता.

"सरपंचाला आपल्या आळीत हवी होती. नाही म्हटलं असतं तर बदली. तू तिसरीत होतीस, तुझ्या आईचं दुखणं चालू..." ते स्वतःच थांबले. कारणं सांगायला बसलं तर काय, कारणांना तोटा नसतो. "त्या दिवशी एकच बाई आली होती सभेला. खडकवाडीची रत्नाबाई. दीड कोस चालत. दुपारपर्यंत पंचायतीच्या पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, सभा तहकूब झाली, जा घरी."

"मग रजिस्टरवर तिचा अंगठा कसा आहे?"

"आठ दिवसांनी वाडीवर गेलो होतो घ्यायला. ती म्हणाली, भाऊसाहेब, जरा वाचून दाखवा की. मी म्हटलं, वेळ नाही, बाई, अजून दोन गावं व्हायचीत."

यामिनी उठून उभी राहिली. "दोन वर्षं, बाबा! दोन वर्षं मी तुमच्यासमोर हे लिहीत होते. फोनवर वाचून दाखवत होते!"

"चुकलं गं माझं."

"शुक्रवारी मी सगळ्यांसमोर हे प्रेझेंट केलं असतं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. प्रोफेसरांशी इंग्रजीत बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. एकनाथरावांना त्यातलं 'सॉरी' तेवढं कळत होतं, आणि ते फार वेळा येत होतं. आपल्या पोरीला आपल्यापायी परक्या माणसाची माफी मागावी लागावी, ह्याहून वाईट म्हातारपणी काय असायचं?

त्यांना रत्नाबाई आठवली. पुढे अकरा वर्षं ती खालच्या विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढायची. एम-एटीचा आवाज आला की कडेला सरायची आणि म्हणायची, "रामराम, भाऊसाहेब." एकदाही टाकीचं नाव काढलं नाही. एकदा शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अनेकदा वाटलं होतं.

त्यांनी गठ्ठ्यातलं ते पान काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. अक्षर अजून तसंच वळणदार होतं.

यामिनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "शुक्रवारचं कॅन्सल केलं. चॅप्टर काढून टाकते. सहा महिने तरी जातील."

"मी तोवर..."

"हो. तुमचा व्हिसा संपतो. निमिषला सांगते डिफेन्सचे फोटो पाठवायला."

सफारी कपाटात तसाच राहणार, एवढं त्यांना कळलं.  तिने टेबलावरचा कागद पाहिला.

"हे काय लिहिलंत?"

"त्या दिवशीचं. खरं."

 ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"सभेत पहिला विषय काय असतो, बाबा?"

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मग वाचा."

एकनाथरावांनी चष्मा पुसला. तीस वर्षांत मोठ्याने वाचण्याची वेळ आलीच नव्हती, त्यामुळे आवाज लागेना.

"'उपस्थिती, एक. श्रीमती रत्ना राजाराम पोटे, खडकवाडी. सभा झाली नाही. पुढे अंगठा देतेवेळी सदर बाईंनी विचारले की, टाकी आमच्याच वाडीला ना. त्यावर ग्रामसेवकांनी...'"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"वाचा, बाबा."

"'त्यावर ग्रामसेवकांनी, हो, असे सांगितले.'"