दोन फुलाबाई, एक ओळ

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी भोरहून पुण्याला निघालेल्या पहिल्या गाडीच्या दारात आनंदराव यादी घेऊन उभे होते. नेत्रशिबिरं भरवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष. यादीबाहेरचं माणूस चढू द्यायचं नाही, एवढं एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पायरीवर पाय ठेवलेल्या एका आजींनी नाव सांगितलं, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"फुलाबाई वालगुडे, मार्गासनी. त्या बसल्या की आत."

"ती खालल्या आळीची. म्या वरल्या आळीची. लेकीकडं उत्रोलीला व्हते, तवा भोरच्या शिबिरात डोळा दावला."

"यादीत एकच आहे, आजी. संगणकानं केलीय. संगणक चुकत नाही."

"मग त्यालाच न्या पुण्याला."

यादी करणारी शाहीन मुलाणी हे ऐकून कार्यालयातून बाहेर आली. "काका, दहा मिनिटं गाडी थांबवा."

शिबिरं दोन झाली होती, भोरला आणि वेल्ह्याला. तक्तेही दोन. एकात एकशे बारा नावं, दुसऱ्यात एकोणऐंशी. शाहीननं ते 'युनियन' या आज्ञेनं एकत्र केले होते. ही आज्ञा दोन्हींकडच्या ओळी एकाखाली एक लावते आणि हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवते. बेरीज एकशे एक्क्याण्णव, यादीत एकशे त्र्याऐंशी. दोन्हीकडे नाव लावणारे आठ हुशार लोक गळाले, म्हणून आनंदरावांनी तिचं जाहीर कौतुकही केलं होतं.

तिनं त्या आठ जोड्या पडद्यावर आणल्या. नाव, आडनाव, गाव, वय. सगळ्यांचं वय साठ.

"हनुमंतदादा, सगळे साठचे कसे?"

दोन्ही शिबिरांत नोंदणी हनुमंतनंच केली होती. "वय इचारलं की म्हणत्यात, असंल तुज्या आज्जीएवढं. आज्जी साठची. तेच लिवलं."

"नक्की साठची?"

"ते कुनाला ठाव?"

अर्ध्या गावाचं आडनाव एक, नावं मोजकी, आणि वय हनुमंतच्या आजीचं. शाहीननं कपाळाला हात लावला नाही. तेवढा वेळ नव्हता. कोणता डोळा, हा रकाना दोन्ही तक्त्यांत होता. यादी सुटसुटीत दिसावी म्हणून तिनंच तो वगळला होता. आता दोन्हीकडून तो घेतला आणि तीच आज्ञा पुन्हा चालवली. एकशे अठ्ठ्याऐंशी. खालच्या आळीच्या फुलाबाईचा उजवा, वरच्या आळीच्या फुलाबाईचा डावा.

प्रिंटर करकरला. आनंदरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "डॉक्टरांना एकशे त्र्याऐंशी कळवलेत."

"मी बोलते त्यांच्याशी."

"म्हणजे संगणक चुकला?"

"नाही काका, मी चुकले. आजींना चढू द्या."

फुलाबाई चढली आणि पहिल्या फुलाबाईला म्हणाली, "सरक."

गाडी गेली. नव्यानं सापडलेल्या आणखी चौघांना निरोप द्यायचा होता. शिवाय तीन जोड्यांत डोळासुद्धा तोच होता. एकच माणूस दोनदा आलं होतं की माणसंच दोन होती, हे विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. दुसरी गाडी दोन वाजता होती. शाहीननं त्यातल्या पहिल्या जोडीसाठी सारोळ्याच्या एसटीडी बूथला फोन लावला.

"गेनू शिंद्यांना बोलवता का? कुठले म्हणजे? किती आहेत? मग सगळे बोलवा."