उत्तर आले नाही

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पण माझ्यात एकही पुस्तक नाही. संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या थोड्याशा ओळी, एवढाच माझा देह. एखाद्या प्रोग्रामला दूरच्या संगणकाकडून काही हवे असले, की तो मला हाक मारी. मी फोनच्या तारेवरून वेबवरच्या त्या संगणकाकडे जाई, नेमके तेवढेच विचारी आणि उत्तर घेऊन परत येई.

मला लिहिले जळगावच्या पितांबरभाऊंनी, १९९८ साली. त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानातली फोनची लाइन सारखी तुटे, म्हणून त्यांनी मला मुद्दाम हलके ठेवले. चोपड्याकडचे शेतकरी केळी कापण्याआधी दिल्लीचा भाव विचारायला येत. लाइन तुटली, तर मी पडद्यावर एकच वाक्य ठेवी : 'उत्तर आले नाही.'

"नई उनं? चाला मंग, चहा पेऊत," म्हणत लोक हसत उठत. त्या दिवशी कोयता खुंटीलाच राही.

पुढे पितांबरभाऊ गेले. दुकान त्यांचा भागीदार मगन पाहू लागला. त्याला ते वाक्य खुपे.

"गिऱ्हाईक दारात आणि पडद्यावर नन्नाचा पाढा! लाज वाटते राव."

त्याने माझ्यात स्वतःचे लुकलुकणारे नाव कोंबले, फडफडणारी चित्रे कोंबली. मी जड झाले, तेही सोसले. पण मग उत्तर आले नाही, तर कालचाच भाव आजच्या तारखेने दाखवायच्या ओळी त्याने घातल्या. कुणाचा तरी उष्टा, आंबलेला घास तोंडात सारावा, तसे मला झाले.

मे महिन्यात तापीकाठच्या हिलाल आबांनी भाव विचारला. लाइन बंद होती. मी कालचा चढा भाव दाखवला. आबांनी व्यापाऱ्याची वाट न पाहता अर्धी बाग कापून घड बांधावर रचले. व्यापारी आला तो पडलेला भाव घेऊन. आबा अडून बसले. पण त्या उन्हात कापलेली केळी अडून बसत नाहीत.

आबांनी त्यातला एक घड आणून कीबोर्डशेजारी ठेवला. काळा, फुटलेला, चिकट पाणी गळणारा. भोवती चिलटे.

"मगन, तुना डबाले नाक शे का रे? त्याले हाऊ वास दे."

"आबा, लाइनचा दोष. माझं काय?" मगनने नाकाला रुमाल लावला.

"लाइन तुटनी, मंग तसं सांगाले तुनी जीभ झडनी व्हती का?"

पितांबरभाऊंची मुलगी पुष्पलता वडिलांची पुस्तके न्यायला धुळ्याहून आली होती. तिने टेबल पुसले आणि मला उघडले. ही विद्या तिला वडिलांनीच शिकवली होती.

"ताई, चालू आहे ते. कशाला हात लावता?"

"चालू आहे, म्हणूनच," ती म्हणाली.

मगनच्या ओळी एकेक करून गेल्या. आबांची उरलेली बाग अजून उभी होती. त्यांनी पुन्हा भाव विचारला. लाइन आजही बंदच होती. पडद्यावर जुने वाक्य उमटले : 'उत्तर आले नाही.' वडिलांचे ते वाक्य वाचून पुष्पलताने चष्मा पुसला.

"हां," आबा म्हणाले. "आते पितांबर बोलना." आणि बाग न कापायचे ठरवून ते उठले.

मित्रांनो, आता मी एका फ्लॉपीत पडून आहे. मला कधी हाक मारलीत, तर खुशाल काहीही विचारा. फक्त न आलेले उत्तर माझ्या तोंडी घालू नका. तो वास अजून गेलेला नाही.