विरजणाचं पाणी

तिसऱ्या खेपेलाही पाणी विहिरीतून वर आलं, पायऱ्या चढून काठावर थांबलं, गावाकडं एकवार बघितलं आणि आल्या वाटेनं खाली निघून गेलं. पायऱ्या तेवढ्या ओल्या राहिल्या. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. जे बोलायचं ते पहिल्या दोन खेपांना बोलून झालं होतं.

नागव्वा कप्पीजवळ बसली होती. ही विहीर तिच्या नवऱ्यानं, तिमाप्पानं, उपसली होती. म्हणजे दोघांनी मिळून. तो खाली, ती वर. गावोगावच्या विहिरी उपसण्यात सगळा जन्म असाच गेला होता. निम्म्यापर्यंत पायऱ्या, पुढं दोर. तो तळात गाळ भरायचा, ती पाटी ओढायची. दोराला एक झटका म्हणजे पाटी भरली, ओढ. दोन झटके म्हणजे मला वर घे. नवराबायकोत एवढं कळलं तरी भागतं, बाकीचं बोलणं लोकांना दाखवायला असतं.

आता दोघांचेही गुडघे गेले होते. ही शेवटची विहीर, असं ठरवूनच आले होते. घरी तिमाप्पानं नवी बाज विणून ठेवली होती, इतकी नवी की सुंभ अजून टोचत होता. तिच्यावर पाठ टाकायची आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही, एवढीच त्याची हाव होती. विहिरीत माणूस वाकतो, बसतो, भिंतीला टेकतो. आडवा काही होत नाही. तिमाप्पाची पाठ वर्षानुवर्षं ते विसरली नव्हती.

"बाई, विरजण घातलं न्हवं?" दादू तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं हाड. पाण्याच्या बाबतीत गाव त्यांच्या शब्दापुढं जात नसे.

विहीर पार कोरडी करायची म्हटलं की जुन्या पाण्याची एक कळशी आधी भरून सावलीत ठेवायची असते. गाळ निघाला, दगडांच्या दरजा भरल्या, झरे मोकळे झाले, की ती कळशी तळात ओतायची. नवं पाणी बिचारं परकं असतं. कुठल्या डोंगराच्या पोटातनं आलेलं, त्याला काय ठाऊक हे गाव कुणाचं. जुनं पाणी त्याला समजावतं, मग ते लागतं, दुधाला विरजण लागावं तसं. हे कुणाला शिकवायला लागत नाही.

नागव्वालाही शिकवायला लागलं नव्हतं. लिंबाच्या सावलीत तिनं दोन कळश्या ठेवल्या होत्या. एक पिण्याची, एक विरजणाची. विरजणाच्या कळशीवर खूण म्हणून लिंबाचा टहाळा ठेवला होता. भर उन्हात खालनं "पाणी दे" अशी हाक आली, तशी तिनं बिनटहाळ्याची कळशी पाटीत ठेवून सोडली. वाऱ्यानं टहाळा कधी या कळशीवरनं त्या कळशीवर नेऊन ठेवला, ते तिच्या शिणलेल्या डोळ्यांना दिसलंच नाही. तिमाप्पा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि खालनं म्हणाला, "ग्वाड हाय गं."

"न्हाई घातलं," नागव्वा म्हणाली. "चुकून यांना पाजलं."

बायांनी डोक्यावरच्या घागरी खाली ठेवल्या.

"सगळं?"

"सगळं."

तात्यांनी तिमाप्पाकडं पाहिलं. तो लिंबाला टेकून उभा होता आणि उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत होते. "पाव्हणं, जरा बोला कायतरी," तात्या म्हणाले.

"काय बोलू?" तिमाप्पा म्हणाला, आणि त्याच्या पोटातनं, फार खोलवरनं, "बोलू, बोलू, बोलू" असं परत आलं.

"हां," तात्या म्हणाले. "विहीर हितं हाय व्हय."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार, असं लोक म्हणतात. इथं आडच उठून लिंबाखाली जाऊन उभा राहिला होता, त्याला कोण काय करणार.

"वकून टाकतो मग," तिमाप्पा म्हणाला. "टाकतो, टाकतो," आतनं आलं.

"उष्ट्या विरजणानं दही लागलंय का कुठं?" तात्यांनी विचारलं. ते चिडले नव्हते.

नागव्वा म्हणाली, काय करायचं ते सावकाश ठरवा, पण यांना आधी जरा पडू द्या, सकाळधरनं उभे आहेत. तिनं घोंगडं अंथरलं. तिमाप्पानं त्यावर पाठ टेकली, हुश्श केलं, आणि लगेच त्याच्या डाव्या कानातनं पाण्याची बारीक धार लागली. गार, नितळ पाणी. ते घोंगड्यावरनं मातीत उतरायला लागलं. एका बाईनं धावत जाऊन ओंजळ लावली. ती ओंजळ तिनं नेऊन विहिरीत सोडून बघितली, तर तळाच्या झऱ्यातनं डोकावणारं नवं पाणी अंग चोरून आत गेलं. उष्टं ते उष्टंच.

"उठवा त्यांना," तात्या म्हणाले. "सांडायला लागलंय."

चौघीजणींनी त्याला धरून उभं केलं. उभा राहिल्यावर धार थांबली. तेव्हापासून तिमाप्पानं आडवं व्हायचं नाही असं ठरलं. कुणी दमदाटी केली नाही. गाव चांगलं होतं. झोपेत तोल जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला लिंबाच्या बुंध्याशी जुन्या मऊ लुगड्यानं बांधलं, गाठ टोचू नये म्हणून मागं घेतली. भाकरी, पिठलं, वर कांदा फोडून, सगळं वेळेवर येत होतं. बाया पल्याडच्या वाडीवरनं पाणी वाहून आणत होत्या आणि येताजाता तिमाप्पाकडं बघत होत्या. त्यांच्याही माना मोडून आल्या होत्या. नागव्वाला ते दिसत होतं, म्हणून तिला भांडताही येईना. भांडता आलं असतं तर जीव जरा हलका झाला असता.

उपसताना विहिरीतलं कासव एका घमेल्यात ठेवलं होतं. ते घमेल्याबाहेर पडलं, सावकाश चालत आलं आणि तिमाप्पाच्या पावलावर येऊन बसलं. मग विहिरीच्या कपारीतली कबुतरं आली. त्यांनी थोडा वेळ वर घिरट्या घातल्या, आणि दोन त्याच्या काखेत शिरली, एक बंडीच्या गळ्यातनं आत गेलं. तिमाप्पानं हात जरा फाकवून धरले, त्यांना अवघडायला नको म्हणून.

पिंपळाचं रोप त्यानं स्वतः छिन्नीनं विहिरीच्या दरजेतनं काढलं होतं. ते आता त्याच्या टाचेच्या भेगेत उगवलं. नागव्वानं ते उपटायला धरलं.

"नको ओढू," तो म्हणाला. "आत पोटरीपतूर गेलंय."

"दुखतंय?"

"न्हाई. दगडाला कुठं दुखतं." मग म्हणाला, "नागव्वा, मला आडवं व्हायचंय गं."

त्याच्या पोटात ते "व्हायचंय, व्हायचंय" बराच वेळ फिरत राहिलं. नागव्वानं दोन्ही हातांनी कान झाकले. आपल्या हातानं कळशी भरली, आपल्याच हातानं सोडली, आणि माणसाची पाठ कायमची भुईपासून तोडली. तिला त्याची दया येत होती आणि स्वतःचा संताप. पण संतापायलाही अंगात बळ लागतं, आणि तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

एक बाळंतीण सासूबरोबर विहीर पुजायला आली. काठावर न जाता ती सरळ लिंबाखाली आली, तिमाप्पाच्या छातीला हळदकुंकू लावलं, पायाशी नारळ ठेवला. मग वाकून त्याच्या उघड्या तोंडात पाहिलं आणि पदर नीट केला, कारण आत तिला तिचा चेहरा दिसला होता. "पाणी भरपूर हाय," ती सासूला म्हणाली. "पण लांब हाय." सासूनं हात जोडले. तिमाप्पानंही जोडले असते, पण काखेत कबुतरं होती.

एका दुपारी सगळं गाव जेवायला बसलं, तेव्हा नागव्वानं लुगड्याची गाठ सोडली. कासव पाटीत घातलं, पाटी डोक्यावर घेतली, नवऱ्याचा हात धरला.

"चला घरी. बाज वाट बघतीया."

तो निघाला. येताना वाट नाकासमोर सरळ होती. आता ती जरा डावीकडं वळत होती, जरा जरा, सारखीच. डाव्या हाताला विहीर होती. ते चालत राहिले. घाणेरीची झुडपं मागं गेली, एक कुंपण मागं गेलं, आणि डाव्या हाताला विहीर होती. नागव्वानं पाय उचलला. तिमाप्पाची टाच भुईवर घासत होती, पिंपळाची पानं हलत होती, आणि डाव्या हाताला कप्पी, कप्पीखालचा झिजलेला दगड, मग विहीर.

"विहीर कुठं चालत जाती व्हय," तिमाप्पा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

ते परत लिंबाखाली आले तेव्हा लोक हात धुऊन येत होते. पाटीतलं कासव खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन बसलं.

"जेवला का?" तात्यांनी विचारलं.

"जेवायचंय," नागव्वा म्हणाली.

तात्यांनी लुगडं उचलून झटकलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. तेव्हा तिमाप्पानं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. मला खाली सोडा."

"कशाला?"

"तळाला सावली हाय. तिथं आडवा झालो आणि सांडलं, तरी विहिरीतच सांडंल."

तात्यांनी विचार केला. बायांनीही केला. चूक काढायला जागाच नव्हती. "विहिरीत विहीर ठेवायला कोण न्हाई म्हणंल," तात्या म्हणाले.

विहिरीच्या तळाला जो थांबतो त्याचं काय होतं, हे नागव्वाइतकं तिथं कुणाला ठाऊक होतं? तिनं नेहमीसारखा दोर त्याच्या कमरेला बांधला. गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"पाणी आलं म्हंजे?"

"आलं तर दोन झटके देतो की. झोप झाली की देतो."

"आणि झोप लागलीच तर?"

"लागू दे गं," तिमाप्पा म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या आवाजात लाड होता.

तो पायऱ्या उतरला. पायऱ्या संपल्यावर तिनं दोर सैल सोडत त्याला तळात उतरवलं. कबुतरं त्याच्या अंगातनं निघून आपापल्या कपारीत बसली. कासव मागनं एकेक पायरी उतरलं आणि शेवटच्या पायरीवरनं खाली पडलं. तिमाप्पानं तळ हातानं झाडून घेतला, अंथरूण झाडतात तसा, आणि पाय लांब करून पाठ टेकली. वरनं नागव्वाला त्याचा चेहरा दिसला. कपाळावरची सगळी ओढ गेली होती. लग्नात पाहिला होता तसा चेहरा. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

झऱ्यातनं पाणी डोकावलं. या खेपेला ते पायऱ्यांकडं गेलं नाही. हळूहळू सरकत तिमाप्पाच्या पायांशी आलं. टाचेच्या भेगा त्यानं चाचपल्या, पिंपळाभोवती फिरलं. मग बराच वेळ ते तिथं थांबलं. काठावरच्या बाया पुढं वाकल्या.

"वळखलं," तात्या हळूच म्हणाले.

पाणी त्याच्या गुडघ्यांवर आलं, मग कमरेवर, झोपलेल्या माणसावर कुणी गोधडी ओढावी तसं. तिमाप्पा हलला नाही. उलट त्यानं कूस बदलली आणि एक हात उशाला घेतला. नागव्वाच्या तळहातांत दोर होता. ओढला असता तर तो वर आला असता, तेवढी ताकद तिनं शेवटची म्हणून राखून ठेवली होती. पण वर येऊन तो पुन्हा लिंबाला टेकून उभा राहणार, पुन्हा म्हणणार, मला आडवं व्हायचंय. जरा झोपू दे, असं तिच्या मनात आलं. जरा झोपू दे, मग ओढते. तिनं दोराला एक वेढा मनगटावर घेतला. पाणी छातीवर आलं, हनुवटीला लागलं. मागं बाया घागरी घेऊन रांगेला लागल्या होत्या, पितळ पितळेला लागून वाजत होतं. पाणी त्याच्या चेहऱ्यावरनं गेलं आणि नितळ झालं. मग खाली फक्त आभाळ दिसायला लागलं, आणि आभाळाच्या कडेनं वाकलेली एक बाई.

दोराला एक झटका बसला.

नागव्वानं पाय दगडाला रोवले, दोन्ही हातांनी दोर ताणून धरला आणि दुसऱ्या झटक्याची वाट बघत राहिली. तिच्या शेजारून पहिली घागर खाली सुटली.