टपाचा मध्य

सुताराने गाडीच्या टपाला भोक पाडायला नकार दिला तेव्हा त्याच्या मुलीला राग येण्याआधी नवल वाटलं. जन्मभर लाकडाला भोकं पाडत आलेल्या माणसाला पत्र्याचा एवढा पुळका कशाला?

मुलगी गाड्यांचं वायरिंग करायची. बापाच्या जुन्या पिकअपला नवं काम आलं होतं: कारखान्यातून दारांच्या चौकटी वाहायच्या. चौकटी दोन्ही अंगांनी वीतभर बाहेर येणार, म्हणून टपाच्या पुढच्या कडेला ओळीने पाच पिवळे दिवे हवेत, ही कारखान्याची अट होती. सोमवारपर्यंत दिवे नसले तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि आज शनिवार. बाप म्हणाला, चिकटव. चिकटवलेला दिवा पहिल्याच खड्ड्यात राम म्हणतो, हे तिने त्याला परोपरीने सांगितलं. शेवटी "कर तुझ्या मनासारखं, मी बघणार नाही," म्हणून तो आवाराच्या टोकाला पाठ करून रंधा मारत बसला.

आता, कुणी काही लपवतंय असा वास आला की या मुलीला चैन पडत नसे. लहानपणी घरातलं एक घड्याळ तिच्या तावडीतून धड सुटलं नव्हतं. तिने केबिनमधले स्क्रू काढले, टपाचं आतलं अस्तर खाली ओढलं आणि टॉर्च मारला. पत्र्यावर सुताराच्या चपट्या पेन्सिलची एक ठसठशीत फुली होती आणि फुलीच्या मधोमध वाटाण्याएवढं झाळकाम. कुणीतरी भोक पाडलं होतं आणि बुजवलंही होतं.

ती थेट स्वयंपाकघरात गेली. आईने आधी "मला काय विचारतेस?" म्हणून उडवून लावलं, आणि मग नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी बाबा आणि काका हेच दिवे बसवायला निघाले होते. तेव्हा दोघांचं सुतारकामाचं दुकान एक, हत्यारं एक. काकांनी टेपचं टोक धरलं, बाबांनी मोजून मधलं भोक पाडलं. खाली उतरून समोरून पाहतात तर भोक काचेवरच्या आरशाच्या बरोबर वर नाही, बोटभर डावीकडे. बाबा म्हणाले, तुझ्या हातून टेप सुटली. काका म्हणाले, नाही सुटली. शब्दाने शब्द वाढला आणि आठवड्याभरात काकांनी आपला रंधा उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान मांडलं. तेव्हापासून दोघे भाऊ भेटले की एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत, त्यापलीकडे काही नाही.

मुलगी परत गाडीकडे आली. टेपचं टोक तिने टपाच्या पन्हळीला चिमट्याने पक्कं केलं, म्हणजे सुटायचा प्रश्नच नको. एका कडेपासून भोक अडुसष्ट सेंटिमीटर. दुसऱ्या कडेपासूनही अडुसष्ट. तिने पुन्हा मोजलं, आणि मग आरसा मोजला. आरसाच बोटभर उजवीकडे होता. काच त्या भोकाच्याही आधी कधीतरी बदललेली होती, आणि बदलणाऱ्याने आरसा अंदाजपंचे चिकटवून दिला होता.

तिला आधी हसू फुटलं. मग ते मावळलं. हे बाबांना सांगायचं म्हणजे भोक बरोबर होतं एवढंच सांगायचं नव्हतं. पण पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, तिने जाऊन सांगून टाकलं.

तो रंधा ठेवून उठला. स्वतःची टेप घेऊन आला, तीनदा मोजलं, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजलं. मग पायरीवर बसला. रंध्याचा भुसा अजून त्याच्या हातांना होता.

"आरशावर विश्वास ठेवला," तो म्हणाला. "सख्ख्या भावावर नाही."

मुलीला वाटलं, उगीच खाजवून खरूज काढली. तेवढ्यात त्याने तिचा फोन मागितला. नंबर लावून तिने आवाज मोठा केला, कारण त्याला कमी ऐकू येई. काकांनी फोन घेतल्याबरोबर गुडघ्यांची चौकशी सुरू केली. बापाने ती मध्येच तोडली.

"ते टपाचं भोक बरोबर होतं रे."

"ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी मी परत मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

पलीकडे दुकानात कुणीतरी करवत चालवत होतं. काकांनी ती थांबवायला सांगितली.

"मोजून दाखवल्यावरच पटणार असेल, दादा, तर भाऊ कशाला म्हणायचं?"

बापाने फोन दुसऱ्या हातात घेतला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"ते बुजवलेलं उघडून अजून चार भोकं पाडायची आहेत," तो म्हणाला. "उद्या येशील?"

"टेप कोण धरणार?"

"मी धरतो. तू मोज."