भोंग्याचे तीन फोन

"अरे, एक फोन तरी करायचा ना त्यानं!" कंत्राटदार टेबलावर हात आपटत म्हणाला. "धावत गेलो असतो. आपण काय मेलो होतो?"

"स्वभावच तसला. मनातलं कुणाला सांगेल तर शपथ!" बँकवाल्यानं चहात बिस्किट बुडवलं.

मास्तर टेबलाच्या टोकाला बसून गेलेल्यांची यादी लिहीत होता. पाणीपुरवठा कार्यालयात छत्तीस वर्षं कारकुनी केलेली, अक्षर मोत्यासारखं. असली कामं आपसूक त्याच्याच गळ्यात पडत. कॉलेज सुटून पंचेचाळीस वर्षांनी वर्ग पुन्हा जमला होता. वर्गातले अकरा जण गेले होते. अकरावं नाव भोंग्याचं.

भोंगा हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर हसला की फाटकावरचा पहारेकरी दचकायचा. तीन वर्षं दोघं एका खोलीत राहिले. परीक्षा आली की मास्तरनं धडे समजावून सांगायचे आणि भोंग्यानं ऐकता ऐकता घोरायचं. 'मास्तर' हे नाव त्यानंच ठेवलेलं.

आणि भोंग्यानं फोन केला होता. एक नाही, तीन. एकाच संध्याकाळी. मास्तर घरी मॅच बघत होता. दुखणं लागल्यापासून भोंगा एकदा बोलायला लागला की तासभर सोडायचा नाही. तपासण्या, डॉक्टर, औषधं, सगळं पहिल्यापासून. "कोण आहे हो?" बायकोनं विचारलं. "कुणी नाही," म्हणत मास्तरनं फोन पालथा घातला. उद्या करू, म्हणाला. त्या उद्याला दीड वर्ष होऊन गेलं.

सभागृहात अकरा नावं वाचली गेली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजलाच. भोंग्याच्या बायकोच्या हातात त्याचा चौकटीतला फोटो दिला गेला. "वहिनी, नुसती एक हाक मारायची!" जो तो तिला सांगत होता. ती प्रत्येकाला "हो" म्हणत होती.

शेवटी ती मागच्या खुर्चीवर येऊन टेकली. मास्तरनं तिला पाणी आणून दिलं. दोघांची कधी भेट झाली नव्हती.

"भाऊजी, तुमच्यात मास्तर कोण?"

"का हो?"

"यांचं गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. मग आदल्या दिवशी संध्याकाळभर एकेकाला फोन लावत बसले. कुणीच उचलेना. तर म्हणाले, राहू दे, मास्तर उचलेल."

"काही... काम होतं?"

"काम कसलं! हॉस्टेलच्या गोष्टी काढून एकदा पोटभर हसायचं होतं. मग माझ्याशीच बोलत बसले. पण मला कुठे ठाऊक त्या गोष्टी? मी आपली नको तिथे हसले."

"मास्तर... आज आलेला नाही," मास्तर म्हणाला.

"बरं. भेटले तर यातलं काही सांगू नका. उगीच जिवाला लागायचं त्यांच्या."

तिनं पाणी संपवलं, पेला त्याच्या हातात दिला, फोटो काखेत धरला आणि ती निघाली.

"ए मास्तर!" मंचावरून कंत्राटदार ओरडला. "मास्तर, फोटोला ये की लवकर! सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी!"

ती दारात थांबली. वळली. हातात रिकामा पेला घेऊन उभ्या असलेल्या मास्तरकडे तिनं एकदा पाहिलं. मग फोटो दुसऱ्या काखेत घेतला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.