रेघेवरचं जोडपं

देव अक्कल वाटत होता तेव्हा माझा दीर बहुधा झोपला होता. भावोजींची काचेच्या तळाची बोट आहे. पर्यटकांनी बसल्या जागी समुद्राचा तळ बघायचा. लांबच्या खडकापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून या शहाण्याने परवा बुडी मारून तिथलं समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी, छिन्नीने सोडवलं आणि धक्क्याजवळ आणून ठेवलं.

"आणि त्यातले मासे?" मी विचारलं.

"येतील की मागोमाग, वहिनी. पोहता येतं त्यांना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विदूषक मासा त्या फुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांतच राहतो. उभा जन्म त्याच्या आसपास काढतो, कारण बाहेर जो तो त्याला खायला टपलेला. त्यात या बाजूचं हे शेवटचं जोडपं. पुढे पाणी थंड होत जातं. मी ज्या संशोधन केंद्रात काम करते, तिथल्या नकाशावर या जातीच्या मुलखाची रेघ या दोघांमुळेच इथवर आलेली होती.

"एवढ्याशा माशावरून घरात भांडण कशाला?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने ताटात डोकं खुपसलं. मी भावोजींना जेवणावरून उठवलं, फूल बादलीत घालायला लावलं आणि बोट काढायला लावली.

तिथे पोचल्यावर मी हवेची टाकी पाठीला लावून बुडी मारली. खाली खडक बोडका पडला होता. मादी कुठेच नव्हती. नर एकटाच, उरल्यासुरल्या अंड्यांना पंखांनी वारा घालत होता. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही राग आला. मी फूल जागेवर टेकवलं. नर धावत आला आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. फुलापासून दूर राहिला की त्याच्या अंगावरचं संरक्षण जातं, मग स्वतःचंच घर त्याला डसतं. थोडं थोडं शिवून पुन्हा सवय करावी लागते. कपारीत एक जाडजूड शिकारी मासा त्याचीच वाट बघत होता. मी त्या शिकाऱ्याला हाताने हाकलत राहिले. टाकीतली हवा संपत आली तेव्हा नाइलाजाने वर आले.

"मिटलं ना आता?" भावोजी म्हणाले.

"आता तुम्ही उतरा. तो आत शिरेपर्यंत राखण करा."

"मी? माशाची राखण?"

"फूल उपटायला बरं उतरता आलं!"

गेले. लवकरच वर आले. डोळ्यांवरचा मास्क काढला, पण माझ्याकडे बघेनात.

"शिरतच होता हो, वहिनी. शेपटी तेवढी बाहेर होती. मी जरा वर बघितलं, तेवढ्यात त्या मोठ्याने..."

त्यांना पाण्यात ढकलून द्यावंसं वाटत होतं. मी फोन काढला.

"कुणाला लावताय?"

"केंद्राला. रेघ मागे घ्या म्हणून सांगते."

"माझं नाव नका घेऊ, वहिनी. परवाना जाईल. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"कुणाच्या घरातली?" मी विचारलं, आणि पलीकडून आवाज आल्यावर त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं.